पोहोचण्याचा दिवस

निवडणुकीच्या कामात प्रत्यक्ष मतदानापेक्षा त्याच्या आदल्या दिवसाची धास्ती अधिक असते, हे ज्यांनी ते काम केले आहे त्यांना सांगायला नको. माझे सेवाकाळातील बहुतेक आयुष्य बिहारमध्ये गेले. तिथे गंगेच्या आणि कोसीच्या दियारा भागात, म्हणजे नदीच्या पात्रातल्या वाळूच्या बेटांवर, मतदान पथके नावेने जातात. सकाळी साहित्यवाटप, मग वाहन, मग घाट, मग नाव आणि नावेतून उतरल्यावर दोन-तीन किलोमीटर पायी. संध्याकाळपासून एकेका पथकाचा 'पोहोचलो' असा निरोप यायला लागायचा आणि नियंत्रण कक्षातल्या यादीवर खुणा होत जायच्या. शेवटची खूण होईपर्यंत कोणीही जेवायला उठत नसे. दुसऱ्या दिवशीच्या मतदानात काही अडचण आली तर ती सोडवायला माणसे जागेवर असत, परंतु पथकच पोहोचले नाही तर सोडवायचे काय? आपल्या कार्यालयांतून कागद दिला की आपण 'पोहोच' मागतो. कागद टेबलावर ठेवणे आणि त्याची पोहोच हातात पडणे यांत किती अंतर असते हे शासनाशी काम पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हे सर्व आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. २०२४ च्या नाताळच्या सुट्टीत माझी लेक, जावई आणि त्यांची दोन मुले अंदमानला जाणार होती आणि मीही बरोबर जावे असा त्यांचा आग्रह होता. नात सहा वर्षांची, नातू नुकता दोन पूर्ण केलेला. त्याला बाळदम्याचा त्रास आहे. धूळ, थंड हवा किंवा नुसती दमणूक झाली तरी छाती वाजू लागते. आधी लक्षद्वीपचा विचार होता. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर त्या बेटांची जी चर्चा झाली, तिचा तो परिणाम असावा. पण तिथे जाण्यासाठी आपण भारतीय नागरिक असलो तरी १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना काढावा लागतो, आणि त्या खटपटीला पुरेसा वेळ हाताशी नव्हता. अंदमानात आदिवासी राखीव क्षेत्रे सोडली तर भारतीयांना असा परवाना लागत नाही. म्हणून अंदमान ठरले. लेक म्हणाली, "आई, बाकीचे आम्ही बघतो. तू फक्त पहिल्या दिवसाचे आख. तिथेच आमची दरवेळी भांडणे होतात."

तिचे निरीक्षण अचूक होते. सहल ठरवताना माणसे कुठे राहायचे आणि काय बघायचे यावर पंधरा दिवस घालवतात, मात्र घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतच्या प्रवासाची आखणी विमानाचे तिकीट काढले की संपली असे समजतात. बेटाच्या बाबतीत तर ती तिथून सुरू होते.

तेव्हा आधी भूगोल. पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम् करण्यात आले, चेन्नईहून सुमारे साडेतेराशे किलोमीटरवर आहे आणि विमानाला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. परंतु पर्यटकाला जिथे जायचे असते ते हॅवलॉक, म्हणजे डिसेंबर २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, तिथून पुन्हा समुद्रमार्गे दीड ते अडीच तासांवर. त्यात सरकारी बोट निराळी आणि खासगी बोट निराळी. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगी बहुतेक हॅडो धक्क्यावरून. टॅक्सीवाल्याला नुसते 'जेट्टी' म्हणून भागत नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. मुंबई-पुणे त्याच्या पश्चिमेला, तर अंदमान ब्याण्णव अंशांच्याही पूर्वेला. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने अंदमानचा सूर्य पुण्याच्या सूर्यापेक्षा सव्वा तासाने पुढे चालतो आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सहानंतर मावळतो. अंदमानात पाच-सव्वापाचलाच मावळतो आणि सहा वाजता रात्र झालेली असते. कागदावर 'सायंकाळी पाच वाजता आगमन, नंतर समुद्रकिनारी फेरफटका' असे लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसते. पाचला पोहोचणारे कुटुंब अंधारात पोहोचते, आणि अनोळखी खोलीत, अंधारात, थकलेले दोन वर्षांचे मूल काय करते हे मी आयांना सांगायला नको.

जावयांनी त्यांच्या परीने एक आराखडा केला होता. आदल्या दिवशी पुण्याहून चेन्नई, रात्री तिथे मुक्काम, सकाळी साडेसातचे विमान, पावणेदहाला अंदमान. दुपारी दोनची खासगी बोट, चारपर्यंत स्वराज द्वीप, सूर्यास्त राधानगरच्या किनाऱ्यावर. त्यांचे म्हणणे वाजवी होते. "आई, मधे चार तास आहेत. चार तासांत काय होत नाही? आणि तिथल्या रात्रीचे पैसे कशाला वाया घालवायचे? एकूण सहाच तर रात्री आहेत."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कागद घेतला आणि चार तासांची फोड केली. बोटीवर तासभर आधी हजर राहावे लागते, म्हणून चाराचे तीन झाले. विमानाचे दार उघडणे, सामानाचा पट्टा, मुलांना स्वच्छतागृहात नेणे, टॅक्सी, यात एक तास जातोच, म्हणजे राहिले दोन. मुलांना सकाळी चारला उठवलेले असणार, तेव्हा त्यांना बसून जेवू घालायला एक तास. हातात एक तास शिल्लक. चेन्नईहून विमानाला तासभर उशीर झाला की तोही गेला. अशा आखणीत प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे ठीक असतो. प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा वेळेवर पार पडतो असे धरले, तरी पाच टप्पे ओळीने वेळेवर पार पडण्याची शक्यता दहापैकी सहाच्याही खाली येते. नऊ दशांशाचा पाच वेळा गुणाकार करून पाहावा. मोठ्या माणसांच्या सहलीत ही जोखीम घ्यायला हरकत नाही. बोट चुकली तर धक्क्यावर चहा प्यावा आणि हसावे. छाती वाजणाऱ्या मुलाला घेऊन ती घेऊ नये, असे माझे मत होते आणि आहे.

यापेक्षाही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली, आणि ती निव्वळ प्रशासनाची आहे. विमानात असेपर्यंत आपण विमान कंपनीच्या ताब्यात असतो. बोटीत चढल्यावर बोटवाल्याच्या. विमानतळाच्या दारापासून बोटीच्या शिडीपर्यंतच्या दोन-तीन तासांत आपण कोणाच्याच ताब्यात नसतो. तिथला विमानतळ नौदलाच्या धावपट्टीवर चालतो, प्रवासी इमारत नागरी यंत्रणेची, धक्का बंदर खात्याचा, सरकारी बोटी नौवहन संचालनालयाच्या, टॅक्सी संघटनेची. प्रत्येकजण आपापल्या हद्दीत चोख. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही आणि तिने थांबावे अशी अपेक्षाही करता येत नाही, कारण त्या दोघांचा एकमेकांशी कोणताच संबंध नाही. जिल्ह्यात असताना मी हे फार पाहिले आहे. रेल्वेने धान्य वेळेवर उतरवलेले असते, गोदाम उघडे असते, आणि मधल्या सहा किलोमीटरच्या वाहतुकीचे कंत्राट कोणाच्या सहीने द्यायचे या प्रश्नावर पोती पावसात भिजत असतात. जिथे एका खात्याची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते, तिथे माणसाने आपली स्वतःची तरतूद ठेवावी.

म्हणून मी पहिली रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवली आणि स्वराज द्वीपची बोट दुसऱ्या दिवशी सकाळची घेतली. (नवे नाव लिहिताना हात अजून अडखळतो. टॅक्सीवालेही जुनेच नाव घेतात.) दुसरे असे, की गोविंद बल्लभ पंत रुग्णालय हे तिथले मोठे सरकारी रुग्णालय याच शहरात आहे, तर स्वराज द्वीपवर प्राथमिक आरोग्य केंद्र. पहिल्या रात्री, जेव्हा मुलाच्या छातीचा भरवसा नसतो, तेव्हा रुग्णालय दहा मिनिटांवर असावे, बोटीच्या पलीकडे नसावे.

परतीच्या टोकालाही मी असाच एक दिवस राखून ठेवला. विमानाच्या आदल्या दिवशी सकाळीच मुख्य बेटावर परत यायचे. यावर जावयांचा चेहरा अधिक पडला. त्यांना मी डिसेंबर २०१६ ची आठवण करून दिली. त्या महिन्यात वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील या दोन बेटांवर हजारांहून अधिक पर्यटक अडकून पडले. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढले. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचाच काळ. डिसेंबरची अखेर त्या मानाने शांत असते, पण समुद्र दिनदर्शिका पाहून वागत नाही. "तुम्ही म्हणाल तसे," असे म्हणून त्यांनी हॉटेलचे आरक्षण बदलले. ते त्यांना पटले होते असे मी म्हणणार नाही.

खरी गंमत पुढे झाली. आमच्या व्याह्यांचा फोन आला. ते जुन्या पिढीतले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे, की मराठी माणूस अंदमानात उतरला की त्याने प्रथम सेल्युलर जेलमध्ये जाऊन स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीपुढे डोके टेकावे, बाकी सर्व नंतर. भावना मला मान्य होती. १९११ च्या जुलैत त्यांना तिथे आणले गेले आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्यांनी तिथे काढली, हे आपल्या पिढीने शाळेतच ऐकलेले आहे. परंतु ती कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, जिना चढून जावे लागते, आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर, अंधारात, छळाच्या कथा सांगणारा. पहाटे चारला उठलेल्या सहा वर्षांच्या मुलीला तिथे बसवले तर तिला इतिहास कळणार नाही, फक्त भीती कळेल. मी व्याह्यांना म्हटले, "भाऊसाहेब, दर्शन नक्की होईल, पण शेवटच्या दिवशी सकाळी, मुलांची झोप झालेली असताना. नातीला मी आधी सगळे सांगून ठेवते." ते थोडे थांबले आणि म्हणाले, "ताई, तिला कोठडीत एक मिनिट एकटी उभी करा. दार लावू नका मात्र." हे मला सुचले नव्हते. आम्ही तसेच केले. ती बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग खिडकी इतकी उंच का, असे तिने विचारले.

असो. पुन्हा पहिल्या दिवसाकडे येते.

सामानाबद्दल मी एकच नियम घातला होता. पोटात जाणाऱ्या, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या, सर्व बॅगा हरवल्या असे धरून चालायचे आणि चोवीस तास निभतील एवढ्या वस्तू हातात ठेवायच्या. नातवाचा इन्हेलर, त्याचा स्पेसर आणि मास्क, डॉक्टरांची चिठ्ठी, तापाचे औषध, जलसंजीवनीची पाकिटे, मुलांचे कपड्यांचे दोन-दोन जोड, एक चादर जिला घरचा वास आहे, टेट्रापॅकमधले दूध आणि मेतकुटाची पुडी. लहान मुलासाठी लागणारे दूध व खाणे विमानात नेऊ देतात, सुरक्षा तपासणीत ते स्वतःहून बाहेर काढून दाखवले की काम लवकर होते. मुलांची आधार कार्डे मूळ प्रतीत आणि झेरॉक्स वेगळ्या पिशवीत, कारण बोटीवर ओळखपत्र मागतात. थोडी रोख रक्कमही. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून तिथले इंटरनेट पूर्वीसारखे राहिलेले नाही, आपल्यासारखेच मोबाईलवरून पैसे देणे चालते. तरीही बेटावर गेल्यावर एकाच मार्गावर विसंबू नये. हॉटेलला मी आदल्या दिवशी दूरध्वनी करून तीनच गोष्टी विचारल्या. खोली दुपारी बाराआधी मिळेल का, खालच्या मजल्यावर मिळेल का, आणि दोन वर्षांच्या मुलासाठी मऊ भात मिळेल का. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडच्या बंगाली गृहस्थांनी "म्हणजे गलाभात ना?" असे म्हटले आणि माझी निम्मी काळजी मिटली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कितीतरी निर्वासित कुटुंबे या बेटांवर वसवली गेली, त्यामुळे मुलाला काय भरवायचे हे तिथल्या स्वयंपाकघरात निराळे समजवावे लागत नाही.

त्या दिवशी चेन्नईचे विमान अडीच तास उशिरा सुटले. कारण काय ते शेवटपर्यंत कळले नाही, आणि अशा वेळी कारण विचारत बसण्यात अर्थ नसतो. नात खिडकीपाशी बसून विमाने मोजत होती. नातू माझ्या मांडीवर झोपला, उठला, रडला, पुन्हा झोपला. आम्ही उतरलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. जुलै २०२३ मध्ये उद्घाटन झालेली शिंपल्याच्या आकाराची नवी प्रवासी इमारत प्रशस्त आहे, सामान लवकर मिळाले. तरी बाहेर टॅक्सीत बसेपर्यंत एक वाजून गेला. जावयांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "धावत गेलो असतो तर दोनची बोट मिळाली असती हं आई." मी म्हटले, "हो, कदाचित मिळालीही असती." त्यात खोटे काही नव्हते. मुले मात्र उपाशी होती, आणि धावणे त्यांना नव्हे, आम्हाला जमले असते.

टॅक्सीत दमट हवा आणि वातानुकूलनाचा गार झोत, दोन्ही एकदम. मी चालकाला ते बंद करून खिडक्या उघडायला सांगितले. खोलीत पोहोचल्यावर गुरगुट्या भात, वर तूप आणि मेतकूट. नातू चार घास खाऊन आडवा झाला. चारच्या सुमारास लेक माझ्या खोलीत आली. "आई, याची छाती वाजतेय." तिचा आवाज शांत होता, पण तिने चप्पल घातलेली नव्हती.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना पुढचे माहीत आहे. शर्ट वर करून बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का ते पाहायचे, श्वास मोजायचे, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे स्पेसरमधून औषध द्यायचे आणि घड्याळ लावून बसायचे. आम्ही तसे बसलो. जावयांनी टॅक्सीवाल्याला फोन करून दाराशी थांबवून ठेवले. हे त्यांनी मला न विचारता केले आणि माझ्या कागदावर ते नव्हते. अंधार पडायच्या आत जायचे की थांबायचे हा निर्णय लेकीचा होता. ती आई आहे, तिने त्या मुलाचे असे वीस-पंचवीस प्रसंग पाहिले आहेत. नियंत्रण कक्षातल्या माणसाने जागेवरच्या माणसाला असल्या वेळी सूचना देऊ नयेत, हे मी सेवेत शिकले आहे, आणि तिथे बसून गप्प राहणे किती जड जाते तेही पुन्हा एकदा शिकले. वीस मिनिटांनी श्वास खाली आला. तासाभराने तो उठून नातीच्या फुग्यामागे धावू लागला. लेकीने पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला, पुढच्या मात्रेच्या वेळा लिहून घेतल्या, आणि टॅक्सीवाल्याला घरी जायला सांगितले. तो गेला नाही. साडेसातपर्यंत बाहेर होता. जावयांनी पैसे देऊ केले तर म्हणाला, माझाही एक लहान आहे.

इन्हेलर बोटीतही चालतो, हे खरे आहे. दोनच्या बोटीत बसलो असतो तरी बहुधा याच क्रमाने सर्व निभले असते. तरीही त्या वीस मिनिटांत माझी लेक धक्क्याकडे नव्हे, रुग्णालयाच्या दिशेने बघत बसू शकली, एवढ्यासाठी त्या रात्रीचे भाडे मला महाग वाटले नाही. जावयांनी नंतर तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

मुले साडेसहालाच झोपली, कारण बाहेर केव्हाच रात्र झाली होती. पहाटे पावणेसहाला खोलीत ऊन. पुण्यात सकाळी शाळेसाठी उठवताना जिचे हातपाय ओढावे लागतात ती नात स्वतः उठून दारात उभी होती. सकाळची बोट घेण्याचा हा अनपेक्षित लाभ, सूर्यच मुलांना तयार करून देतो.

आता हॅडो धक्क्याविषयी दोन शब्द, कारण ते लिहावे म्हणूनच मुख्यतः हा लेख. तपासणी शिस्तीत होते, सामानाला चिठ्ठ्या लागतात, यादीशी नावे पडताळली जातात. प्रवाशांची यादी हा कागद किती महत्त्वाचा आहे हे सामान्य प्रवाशाला जाणवत नाही. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट बुडाली आणि किमान एकवीस माणसे मृत्युमुखी पडली. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक प्रवासी तिच्यात होते. सुट्टीचा दिवस, जवळचे अंतर, शांत पाणी. अशाच वेळी 'आणखी चार बसू द्या' असे म्हटले जाते. म्हणून तुमचे नाव यादीशी ताडून पाहणाऱ्या कर्मचाऱ्यावर रागावू नये. उलट कोणी नाव न विचारता चढवत असेल तर आपण उतरावे.

मी बोटीत बसल्यावर कर्मचाऱ्याला विचारले, लहान मुलांची जीवरक्षक जॅकेटे कुठे आहेत. त्याने आसनाखालचे जॅकेट दाखवले. ते मोठ्या माणसाचे होते. दोन वर्षांच्या मुलाला ते घातले तर पाण्यात जॅकेट वर राहील आणि मूल खालून निसटेल. मुलांचे जॅकेट वजनानुसार निराळे असते आणि त्याला पायांमधून घ्यायचा पट्टा असतो. मी पुन्हा विचारल्यावर तो आत गेला आणि एका कपाटातून लहान आकाराची दोन जॅकेटे घेऊन आला. म्हणजे ती बोटीवर होती. फक्त मागितल्याशिवाय बाहेर येत नव्हती. कपाटावर तशी पाटीही नव्हती. त्याच बोटीत मला आणखी किमान सात-आठ लहान मुले दिसत होती. मी त्याला म्हटले, "भैया, बाकीच्यांनाही विचारा ना." तो ओळीने विचारत गेला, आणि एकेक आई मान वर करून बघू लागली.

तिकीट काढताना प्रवाशाचे वय लिहावेच लागते. ते वय यादीत असते, यादी धक्क्यावर असते. पाच वर्षांखालील इतकी मुले म्हणून तितकी लहान जॅकेटे आसनांवर आधीच ठेवणे, यासाठी नवा निधी लागत नाही की नवा नियम लागत नाही. परतल्यावर मी अंदमान प्रशासनाला एक पानाचे पत्र लिहिले. त्यात हे एक, आणि धक्क्यावर रांग जिथे उन्हात उभी राहते त्या तीस-चाळीस पावलांवर छप्पर घालावे हे दुसरे. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवले आणि पोहोचपावती जपून ठेवली आहे.

बोट सुटल्यावर नातीला मळमळू लागले. तिला मधल्या ओळीत, कमी हलणाऱ्या जागी, क्षितिज दिसेल असे बसवले आणि आल्याची वडी चघळायला दिली. नातू जॅकेटसकट झोपून गेला. स्वराज द्वीपच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा दहा वाजायला आले होते आणि भरती होती. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडतात, पोहता येत नाही. पाणी किनाऱ्याला लागलेले असतानाच मुलांना भिजवून घ्यावे म्हणून जावई सामान तसेच खोलीत टाकून दोघांना घेऊन निघाले. लेक ओरडली, "अहो, आधी उन्हाचं मलम!" मी व्हरांड्यात बसले आणि व्याह्यांना फोन लावला, सगळे पोहोचलो म्हणून.